मिनी ट्रॅक्टर : कोणता भाग कधी तपासायचा, कधी बदलायचा? पेरणीआधी वाचून ठेवावी अशी माहिती

हदगाव : मृगाचा पाऊस पडला, वावराला वाफसा आला की पेरणीला मोजून चार-सहा दिवस हातात असतात. त्याच दिवसांत ट्रॅक्टर बंद पडला तर मिस्त्री सापडत नाही, पार्ट तालुक्याला मिळत नाही आणि नांदेडला माणूस पाठवेपर्यंत वाफसा उडून जातो. बँकेचा हप्ता मात्र गाडी चालो की बंद राहो, ठरल्या तारखेला येतोच. हंगामात होणाऱ्या बिघाडांपैकी बरेच बिघाड एकदम होत नाहीत. गाडी आठ-पंधरा दिवस आधीपासून आवाजानं, धुरानं, गळतीनं सांगत असते.

हदगाव तालुक्यात पैनगंगा आणि कयाधूच्या काठची काळी जमीन, त्यात कापूस, सोयाबीन, हळद आणि ऊस. बैलजोडी परवडेना आणि मोठा ट्रॅक्टर उभ्या पिकात शिरेना, म्हणून १५ ते २८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर अनेकांच्या आखाड्यावर आला. महिंद्रा युवराज २१५, स्वराज ७१७, व्हीएसटी, कुबोटा, कॅप्टन अशी नावं आता सगळ्यांना माहीत आहेत. गाडी लहान असली तरी तिची देखभाल मोठ्या ट्रॅक्टरएवढीच करावी लागते. काही बाबतींत तर जास्तच.

लहान इंजिनाचा स्वभाव

युवराज २१५ आणि स्वराज ७१७ ही १५ अश्वशक्तीची, एका सिलिंडरची इंजिनं आहेत. एका सिलिंडरच्या इंजिनाचे हादरे जास्त असतात. त्यामुळं नटबोल्ट, सायलेन्सरचा जोड, बॅटरीची पट्टी, डिझेलच्या नळीचे जोड आणि बॉनेटचे स्क्रू लवकर ढिले होतात. अशी गाडी असेल तर आठवड्यातून एकदा पाने घेऊन सगळे बोल्ट तपासलेच पाहिजेत. व्हीएसटी, कुबोटा यांच्या बऱ्याच मॉडेलांत तीन सिलिंडर आहेत. त्यांचे हादरे कमी, पण नोझल तीन आणि नळ्याही तीन. म्हणजे गळतीच्या जागा वाढल्या.

फोर व्हील ड्राइव्ह गाडीला पुढच्या ॲक्सलमध्येही वेगळं तेल असतं. मागचं तेल बघितलं आणि पुढचं विसरलं, असं बऱ्याच ठिकाणी होतं. चिखलात, पाटाच्या पाण्यात गाडी घातली असेल तर या ॲक्सलचा ड्रेन बोल्ट थोडा ढिला करून तेल बघावं. तेल दुधासारखं पांढरट दिसलं तर सील गेलं आणि आत पाणी शिरलं असं समजावं. तेलासोबत सीलही बदलावं लागेल.

रोज सकाळी दहा मिनिटं

गाडी सपाट जागेवर उभी असताना, सुरू करायच्या आधी हे बघावं :

– इंजिन ऑइल : डिपस्टिक काढून पुसावी, परत घालून बघावी. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेच्या वर भरलं तर फायदा काही नाही, उलट तेल जळतं आणि सील फुटतात.
– रेडिएटर : इंजिन थंड असतानाच झाकण उघडावं. गरम इंजिनाचं झाकण उघडल्यावर उकळतं पाणी तोंडावर येतं.
– डिझेलची काचेची किंवा प्लास्टिकची वाटी : तळाला पाणी, गाळ दिसला तर खालचा स्क्रू ढिला करून काढून टाकावा.
– फॅन बेल्ट : मधोमध अंगठ्यानं दाबल्यावर साधारण बोटाच्या जाडीएवढा आत गेला पाहिजे. ढिला असेल तर इंजिन तापतं आणि बॅटरी चार्ज होत नाही. फार ताणलेला असेल तर पाण्याच्या पंपाचं बेअरिंग जातं.
– टायर : हवा, आणि कडेला काटा, दगड, तार घुसली आहे का.
– जमीन : रात्री गाडी जिथं उभी होती तिथं तेलाचा, डिझेलचा डाग आहे का. खर्च काहीच नाही, पण बऱ्याच गळत्या इथंच पहिल्यांदा दिसतात.

डिझेलची गळती लहान समजू नये. सेकंदाला एक थेंब गळत राहिला तर वर्षाला दोन हजार लिटरहून जास्त डिझेल वाया जातं, असं पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना म्हणजे पीसीआरए सांगते.

डिझेलची टाकी संध्याकाळी भरून ठेवावी. अर्धी रिकामी टाकी रात्री गार पडली की आत दमट हवेचं पाणी होतं आणि तळाला बसतं. कॅनमधलं डिझेल टाकताना जाळी आणि कापड लावून गाळून घ्यावं. कॅनच्या तळाचा शेवटचा पाव लिटर टाकीत ओतू नये.

तासांचा हिशेब

ट्रॅक्टरची देखभाल महिन्यावर नाही, तासावर चालते. डॅशबोर्डवर अवर मीटर असतो. तो बंद असेल तर आधी तो दुरुस्त करावा, नाहीतर वहीत तास लिहावेत. खाली दिलेले तास सर्वसाधारण आहेत. तुमच्या गाडीच्या हातपुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर पुस्तिकेचाच धरावा.

– पहिले ५० तास : नव्या गाडीचं पहिलं ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलणं. नव्या इंजिनात धातूचा बारीक चुरा निघतो, तो या तेलासोबत बाहेर जातो. ही सर्व्हिस चुकवली तर वॉरंटीचा वाद होतो.
– दर १० तासांनी : वर सांगितलेली तपासणी. धुळीच्या कामात एअर क्लीनर.
– दर ५० तासांनी : सगळ्या निपलना ग्रीस, बॅटरीचं पाणी, क्लच आणि ब्रेकच्या पायट्याची मोकळी चाल, चाकांचे नट.
– दर २५० तासांनी : इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर. बहुतेक डिझेल इंजिनांना १५ डब्ल्यू ४० तेल चालतं.
– दर ५०० तासांच्या आसपास : डिझेल फिल्टर, नोझलची तपासणी, टॅपेट सेटिंग.
– दर १००० तासांनी : गिअर बॉक्स आणि हायड्रॉलिकचं तेल, त्याची गाळणी, पुढच्या ॲक्सलचं तेल.
– दोन वर्षांनी : रेडिएटर रिकामा करून नवीन कूलंट.

घरच्या दहा एकरापुरतीच गाडी चालत असेल तर वर्षाला २५० तास होणार नाहीत. तरी वर्षातून एकदा ऑइल बदलावं. उभ्या गाडीतलं तेलही जुनं होतं.

एअर क्लीनर : इंजिनाचं नाक

आपल्याकडं इंजिन लवकर निकामी होण्यामागं धूळ हे मोठं कारण आहे. उन्हाळ्यात रोटा मारताना आणि मळणीला म्हणजे हडंब्यावर गाडी लावल्यावर धूळ, भुसकट सगळं इंजिन ओढतं. ते आत गेलं की सिलिंडर, पिस्टन आणि रिंगा घासून काढतं.

तेलाचा एअर क्लीनर असेल तर खालच्या वाटीतलं तेल बघावं. तळाला गाळ साचला किंवा तेल घट्ट झालं तर वाटी डिझेलनं धुवून, पुसून, खुणेपर्यंत नवीन इंजिन ऑइल भरावं. खुणेच्या वर भरू नये. जास्तीचं तेल इंजिन ओढतं आणि गाडी आपोआप पळू लागते.

कागदी फिल्टर असेल तर कॉम्प्रेसरची हवा कमी दाबानं, आतून बाहेर मारावी. बाहेरून आत मारली तर धूळ कागदात घुसते. फिल्टर दगडावर, टायरवर आपटू नये, कागद फाटतो. आत बल्ब धरून बघावं. उजेडाचा बारीक ठिपका दिसला तर फिल्टर फेकावा. आतला लहान फिल्टर साफ करायचा नसतो, तो बदलायचाच असतो. एअर क्लीनरपासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळीचा क्लिप ढिला असेल तर फिल्टर कितीही नवा असो, धूळ आत जाणारच.

पाणी, रेडिएटर आणि बोअरचं पाणी

आपल्या भागातल्या बऱ्याच बोअरचं पाणी जड आहे. भांड्याला, मोटारीला जसा पांढरा थर बसतो तसाच तो रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. म्हणून रेडिएटरमध्ये कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच टाकावं. अडचणीच्या वेळी साधं पाणी टाकलं असेल तर हंगाम संपल्यावर काढून घ्यावं.

मळणीच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळीवर भुसकट बसतं. दिवसातून दोनदा गाडी बंद करून ते काढावं. हवा किंवा पाणी पंख्याच्या बाजूनं बाहेर मारावं आणि जोर कमी ठेवावा. जोरात मारलं की पातळ पाकळ्या वाकतात आणि हवा जाणंच बंद होतं. गाडी तापली तर लगेच बंद न करता भार काढून दोन-तीन मिनिटं हळू चालू ठेवावी, मग बंद करावी. पण ऑइलचा लाल दिवा लागला तर उलटं करायचं. त्याच सेकंदाला इंजिन बंद. त्या दिव्यावर वावराचं एक तास पूर्ण करणं म्हणजे क्रँक आणि बेअरिंग घालवणं.

गाडीनं हवा धरली तर

डिझेल संपून गाडी बंद पडली किंवा फिल्टर बदलला की नळीत हवा राहते. त्यासाठी प्रत्येक वेळी मिस्त्री बोलवायची गरज नाही.

१) टाकीत डिझेल भरावं, कॉक उघडावा.
२) डिझेल फिल्टरच्या वरचा हवा काढायचा स्क्रू दोन आटे ढिला करावा.
३) हातपंप असेल तर तो दाबत राहावा. स्क्रूमधून बुडबुड्यांसह डिझेल येईल. बुडबुडे थांबले की दाब चालू असतानाच स्क्रू आवळावा.
४) दोन फिल्टर असतील तर आधी टाकीकडचा, मग पंपाकडचा.
५) नंतर फ्यूएल पंपाच्या स्क्रूचंही तसंच करावं आणि स्टार्टर मारावा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त स्टार्टर मारू नये, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावं.

नोझलच्या नळीचा नट ढिला करून स्टार्टर मारताना हात, तोंड जवळ नेऊ नये. तिथलं डिझेल इतक्या दाबानं येतं की कातडी फाडून आत शिरतं. असं झालं तर जखम सुईएवढी दिसली तरी थेट दवाखाना गाठावा.

वारंवार हवा धरत असेल तर नळीच्या जोडातली तांब्याची वॉशर गेलेली असते. ती पाच-दहा रुपयांची वस्तू आहे. जुनी वॉशर परत बसवू नये.

रोटावेटर : पाती, सील आणि शाफ्ट

मिनी ट्रॅक्टरचं जास्त काम रोट्यावर होतं आणि खर्चही तिथंच निघतो. १५ ते १८ अश्वशक्तीला साधारण तीन ते साडेतीन फुटांचा रोटा पुरतो. पाव्हण्याचा पाच फुटी रोटा जोडला तर इंजिन, क्लच आणि हायड्रॉलिक तिन्हींवर ताण येतो.

एका फ्लँजवर साधारण सहा पाती असतात, तीन डावी, तीन उजवी. पात्याची धारेची बाजू आधी जमिनीला लागली पाहिजे. उलटं बसलं तर पातं माती कापत नाही, दाबतं. एकच पातं नवीन आणि बाकी झिजलेली असं ठेवलं तर रोटर हेलकावे खातो आणि बेअरिंग जातं. पाती जोडीनं किंवा संचानं बदलावीत. बोल्टही नवीन आणि कडक प्रतीचेच लावावेत. डोक्यावर ८.८ कोरलेलं असतं ते घ्यावेत.

आपल्या भागातला खास बिघाड म्हणजे रोट्याच्या कडेला गुंडाळलेली पऱ्हाटी, सुतळी, मल्चिंगचा कागद आणि हळदीच्या वावरातली ठिबकची नळी. ही गुंडाळी सीलच्या फटीत शिरते, सील फाटतं, चेनच्या किंवा गिअरच्या पेटीतलं तेल गळतं आणि कोरड्या पेटीत बेअरिंग जळतं. म्हणून हळदीच्या वावरात आधी ठिबक पूर्ण गोळा करावं आणि मगच रोटा घालावा. दर दोन-तीन तासांनी गाडी बंद करून गुंडाळी कापून काढावी.

पीटीओ शाफ्टच्या क्रॉसला रोज ग्रीस द्यावं. शाफ्टचे दोन भाग एकमेकांत निदान एक तृतीयांश तरी गेलेले असावेत. वळताना रोटा फार वर उचलायचा असेल तर पीटीओ आधी बंद करावा. उचललेल्या कोनात शाफ्ट फिरला की क्रॉस तुटतो. पीटीओ ५४० फेऱ्यांवरच चालवावा.

पार्ट घेताना

दुकानात जाताना जुना भाग सोबत न्यावा आणि गाडीच्या पाटीवरचा चेसिस व इंजिन नंबर मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवावा. एकाच मॉडेलमध्ये वर्षाप्रमाणं भाग बदलतात.

काही भाग कंपनीचेच घ्यावेत : ऑइल व डिझेल फिल्टर, नोझल, पिस्टन-रिंगा, क्लच प्लेट, ब्रेक, हायड्रॉलिकचे भाग. स्वस्त फिल्टर दिसायला सारखा असतो, पण आतला कागद आणि झडप वेगळी असते.

काही भाग मापावर मिळतात आणि तिथं पैसे वाचतात :

– बेअरिंग : त्यावर नंबर कोरलेला असतो. उदाहरणार्थ ६२०५. शेवटचे दोन आकडे पाचनं गुणले की आतलं माप निघतं, म्हणजे ०५ ला २५ मिलिमीटर, ०६ ला ३० मिलिमीटर. नामांकित कंपनीचं त्याच नंबरचं बेअरिंग कुठल्याही दुकानातून घेता येतं.
– ऑइल सील : त्यावर तीन आकडे असतात. आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी.
– बेल्ट, बल्ब, फ्यूज, होज क्लिप : नंबर किंवा माप बघून.

पक्कं बिल घ्यावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के आणि ट्रॅक्टरचे टायर, ट्यूब व ठराविक सुट्या भागांवरचा १८ वरून ५ टक्के झाला आहे. बिलावर कर किती लावला ते वाचूनच पैसे द्यावेत.

आखाड्यावर एका पेटीत एवढं असावं : एक डिझेल फिल्टर संच, फॅन बेल्ट, तांब्याच्या वॉशर, फ्यूज, रोट्याची चार पाती व बोल्ट, एक लिटर इंजिन ऑइल, डिस्टिल्ड वॉटर, ग्रीस गन आणि पाने. पेरणीच्या दिवसांत ही पेटी नांदेडची एक फेरी वाचवते.

धुरावरून आणि आवाजावरून ओळख

– काळा धूर : भार जास्त, एअर क्लीनर चोंदला किंवा नोझल खराब.
– निळसर धूर : ऑइल जळतंय. रिंगा झिजल्या किंवा ऑइल जास्त भरलं.
– पांढरा धूर : थंडीत सुरुवातीला थोडा चालतो. गरम झाल्यावरही राहिला तर डिझेलमध्ये पाणी, नोझल किंवा टायमिंग.
– गाडी ओढत नाही, पण इंजिन फिरतंय : क्लच घसरतोय. पायट्याची मोकळी चाल संपली का ते आधी बघावं. पाय सतत क्लचवर ठेवून गाडी चालवणं ही प्लेट जळण्याची सगळ्यात सोपी वाट आहे.
– अवजार उचललेलं राहत नाही, हळूहळू खाली येतं : हायड्रॉलिकचं तेल कमी, गाळणी चोंदलेली किंवा आतले सील गेलेले.
– स्टार्टर नुसता टक-टक करतो : बॅटरीचे टर्मिनल. पांढरा थर गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्यानं धुवून, आवळून, वरून व्हॅसलीन लावावं.

गटाचा ट्रॅक्टर

सामाजिक न्याय विभागाच्या योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याची उपसाधनं ९० टक्के अनुदानावर मिळतात. ३ लाख ५० हजारांच्या मर्यादेत ३ लाख १५ हजार रुपये शासनाचे आणि बाकी गटाचे. भूमिहीन मजुरांच्या गटाला हा ट्रॅक्टर म्हणजे मजुरीबाहेरची पहिली कमाई ठरू शकते.

पण दहा जणांची गाडी असली की ऑइल कोणी बदलायचं हा प्रश्न उभा राहतो. डिझेल प्रत्येकजण आपापलं टाकतो, फिल्टर कोणीच टाकत नाही. दोन हंगामांत गाडी उभी राहते. यावर उपाय साधा आहे. गाडीसोबत एक वही ठेवायची. चालवणाऱ्यानं सुरू करतानाचे आणि बंद करतानाचे तास लिहायचे. प्रत्येक तासाच्या भाड्यातून ठरलेली रक्कम देखभालीसाठी गटाच्या खात्यावर वेगळी टाकायची, ती कोणत्याही कारणानं वाटून घ्यायची नाही. आणि चावी दहा जणांकडं फिरण्यापेक्षा तेलपाण्याची जबाबदारी एका माणसावर द्यायची, त्याला त्याचे पैसे द्यायचे.

जिवाची काळजी

४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड तालुक्यातील आलेगाव शिवारात हळदीच्या कामाला मजूर घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत पडला आणि वसमत तालुक्यातील गुंज येथील सात महिला मजुरांचा जीव गेला. ट्रॉली माणसं न्यायची गाडी नाही, हे प्रत्येक मालकानं ठरवून घेतलं पाहिजे. कठडा नसलेल्या विहिरीजवळ ट्रॅक्टर वळवू नये, मागं तर घेऊच नये.

रस्त्यावर दोन्ही ब्रेकचे पायटे खटक्यानं एकत्र जोडावेत. वावरातली सवय म्हणून एकच पायटा दाबला तर गाडी एका बाजूला ओढते आणि उलटते. दोन्ही चाकं सारखी धरतात का, हे मोकळ्या जागेत बघून घ्यावं. उतारावर गाडी न्यूट्रल करू नये.

पीटीओ शाफ्टचं कव्हर काढून टाकू नये. फिरणारा शाफ्ट पदर, उपरणं, लुंगी पकडतो आणि माणसाला ओढून घेतो, हात सोडवायला वेळ मिळत नाही. रोट्यातली गुंडाळी काढताना इंजिन बंद आणि चावी खिशात. मडगार्डवर लेकराला बसवू नये.

हंगाम संपल्यावर

गाडी धुवून, ग्रीस देऊन सावलीत लावावी. अवजार खाली टेकवून ठेवावं. रोट्याच्या पात्यांना जुनं ऑइल लावावं, गंज धरत नाही. उरलेलं जुनं ऑइल विहिरीजवळ, पाटात ओतू नये. बॅटरीची मायनस वायर काढून ठेवावी. ट्रॅक्टर धान्याच्या पोत्यांजवळ लावू नये. उंदीर आधी सोयाबीन आणि मग वायरिंग खातात. पंधरा दिवसांतून एकदा इंजिन सुरू करून गरम होऊ द्यावं.

मोठी दुरुस्ती, नोझल आणि टायमिंगची कामं उन्हाळ्यातच उरकावीत. रोहिण्या निघाल्यावर मिस्त्र्याच्या दारात रांग लागते. अवजारं आणि यंत्रांबद्दल पोखर्णी व सगरोळी येथील कृषी विज्ञान केंद्रांत विचारता येतं. नवीन गाडी घेणाऱ्यांनी मध्य प्रदेशातील बुदनी इथल्या केंद्रीय संस्थेचा चाचणी अहवाल विक्रेत्याकडं मागावा. पीटीओवर प्रत्यक्ष किती ताकद मिळते हे जाहिरातीत नाही, त्या अहवालात लिहिलेलं असतं.